आधी आजीला विचारा

सदर : घर आणि धम्म



या सदरातून आपण मुलांची शाळा, मुलींची लग्ने, दारू, कर्ज, बचत अशा अनेक प्रश्नांवर बोलत आलो. आज घरातल्या अशा माणसाविषयी लिहायचे आहे की ज्याच्याविषयी सगळे बोलतात, पण ज्याच्याशी फारसे कोणी बोलत नाही. ते म्हणजे घरातले म्हातारे माणूस.

नाशिक रोडची आपली वस्ती कोणी उभी केली? प्रेसमध्ये पाळीवर जाणाऱ्यांनी, रेल्वेच्या रुळांवर राबणाऱ्यांनी, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात घाम गाळणाऱ्यांनी, देवळाली कॅम्पच्या बंगल्यांतून धुणीभांडी करणाऱ्या आणि डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणाऱ्या आयांनी. १९५६ साली आईबापाचे बोट धरून ज्यांनी दीक्षेचे दिवस पाहिले ती मुले आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात उतरलेली तरुण पोरे आज ऐंशीच्या घरात आहेत. आणि यांच्याविषयी आपल्या घरांतून काय ऐकू येते? "म्हातारीचं डोकं फिरलंय." "बाबा आता भ्रमिष्ट झालेत." आणि शेवटी ती ठरलेली म्हण, साठी बुद्धी नाठी!

या म्हणीने जितके नुकसान केले तितके एखाद्या साथीनेही केले नसेल. कारण एकदा 'वयच झालं' म्हटले की दवाखान्याची पायरी चढण्याचे कारणच उरत नाही. वास्तविक आकडा काय सांगतो? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांपैकी साधारण सात जणांना, नेमके सांगायचे तर ७.४ टक्के लोकांना, स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया आहे. सगळे मिळून सुमारे ८८ लाख लोक. हा आकडा लहान नाही. पण त्याची दुसरी बाजूही वाचा. शंभरातल्या साधारण त्र्याण्णव जणांना हा आजार नाही! म्हणजे साठी आली की बुद्धी नाठी होते हे साफ खोटे आहे. बुद्धी बिघडली असेल तर काहीतरी आजार झाला आहे, आणि आजार असेल तर त्याची तपासणी झालीच पाहिजे.

मी डॉक्टर नाही. कारकुनी करतो आणि उरलेल्या वेळात समाजाचे काम. त्या कामात वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर केसपेपर काढायला रांगेत उभे राहण्याचे प्रसंग वारंवार येतात. तेथे जे पाहिले, डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, तेच येथे मांडतो. औषध सांगणे हे माझे काम नाही. पहिल्या तपासणीला आपले माणूस नेताना आपण काय जाणून असावे, एवढाच आजचा विषय.

तीन आजार, एकच तोंडवळा

म्हातारे माणूस विसरते, असंबद्ध बोलते, गप्प बसते, रात्री उठून फिरते. बाहेरून सगळे सारखेच दिसते. पण आत तीन वेगवेगळे आजार असू शकतात आणि तिघांची वाट वेगळी आहे.

पहिला आजार हळूहळू येतो. महिन्यांनी, वर्षांनी. सकाळी काय जेवलो ते आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या मोर्चाची हकीकत तपशीलवार सांगता येते. पुढे पैशाचा हिशेब चुकतो, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकते, गॅस चालू राहतो. हा स्मृतिभ्रंश. याचे बहुतेक प्रकार पूर्ण बरे होत नाहीत, पण लवकर कळले तर त्रास कमी करता येतो आणि घराला तयारी करता येते.

दुसरा आजार मनाच्या उदासीचा, ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. म्हाताऱ्या माणसात तो रडण्यातून दिसेलच असे नाही. "अंग दुखतंय", "भूक नाही", "झोप नाही", "छातीत कसंतरी होतंय", "आता माझा काय उपयोग" अशा भाषेत तो बोलतो. लक्ष लागत नाही म्हणून विसरही पडतो आणि घरचे म्हणतात, भ्रमिष्ट झाली. हा आजार औषधाने आणि आधाराने बरा होऊ शकतो. जोडीदार गेल्यानंतर, नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर, खोली रिकामी करावी लागल्यानंतर तो अधिक गाठतो.

तिसरा आजार अचानक येतो. काल संध्याकाळपर्यंत ठीक असलेला माणूस आज सकाळी घरच्यांना ओळखत नाही, नसलेली माणसे दिसतात म्हणतो, कधी खवळतो तर कधी गुंगीत पडून राहतो. तास दोन तासांत बरा वाटतो, पुन्हा बिघडतो. याला डिलिरियम म्हणतात. याचे मूळ बहुधा शरीरात असते. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, अंगातले पाणी किंवा मीठ कमी होणे, साखर खाली-वर होणे, नवी सुरू केलेली गोळी, रोजची दारू एकदम बंद होणे. ही तातडीची बाब आहे. यात उद्यावर ढकलणे म्हणजे जिवाशी खेळ.

आमच्या भागातल्या एका घरची हकीकत सांगतो. सत्त्याहत्तर वर्षांचे बाबा, निवृत्त कामगार. एका रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणू लागले, सुनेला "कोण ग तू?" म्हणाले. शेजारच्या कोणीतरी 'बाहेरचं आहे' असे सुचवले आणि एका भगताचे नावही पुढे आले. बौद्धाच्या घरात! नशिबाने, नव्हे, नातीच्या शहाणपणाने ते टळले. नात नर्सिंग शिकणारी. तिने विचारले, "बाबा लघवीला किती वेळा जातात?" कोणालाच माहीत नव्हते. दवाखान्यात नेले, लघवी तपासली, संसर्ग निघाला. उपचार झाले तसा हळूहळू उतार पडला आणि काही आठवड्यांनी बाबा पुन्हा ओट्यावर बसून पेपर वाचू लागले. भगताकडे गेले असते तर काय झाले असते ते वेगळे सांगायला नको.

२०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा गुन्हा ठरवला आहे. पण आपल्याला तर बाबासाहेबांनी १९५६ सालीच बावीस प्रतिज्ञा दिल्या. कायद्याची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नव्हते.

पहिल्या तपासणीत काय व्हायला हवे

चांगली पहिली तपासणी पाच मिनिटांत होत नाही. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांचीही अडचण असते हे मान्य. म्हणून आपण तयारीने गेलो तर त्यांचाही वेळ वाचतो.

डॉक्टर प्रथम विचारतात, हे कधीपासून आहे? हळूहळू आले की अचानक? वर सांगितलेल्या तीन आजारांचा निवाडा निम्मा या एका प्रश्नावर होतो. तेव्हा घरून निघण्यापूर्वी चौघांनी बसून आठवा. "गेल्या भीमजयंतीला त्या स्वतः भाषण ऐकायला आल्या होत्या का? दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांची नावे सांगत होत्या का?" अशा खुणांवरून काळ ठरतो. ठरला की वहीच्या पानावर लिहा.

दुसरा प्रश्न रोजच्या कामाचा. अंघोळ, कपडे, जेवण स्वतः करतात का? चहा करता येतो का? दुकानातून सामान आणून उरलेले पैसे बरोबर देतात का? बसने एकटे जाता येते का? पूर्वी येत असलेले कोणते काम आता येईनासे झाले? विसरण्यापेक्षा हे अधिक महत्त्वाचे.

तिसरा प्रश्न गोळ्यांचा. येथे एक उपाय सांगतो. घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून ती पिशवीच घेऊन जा. रक्तदाबाची, साखरेची, मेडिकलवाल्याने चिठ्ठीवाचून दिलेली झोपेची, खोकल्याची, जडीबुटीवाल्याची, सगळी. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीच म्हाताऱ्या माणसाचा मेंदू गोंधळतो. तंबाखू, मिश्री, दारू याबद्दल लाजून खोटे सांगू नका.

चौथी गोष्ट कान आणि डोळे. ज्या आजीला ऐकूच येत नाही ती उत्तर चुकीचे देणारच. मोतीबिंदू झालेल्या बाबांना संध्याकाळी खुंटीवरचा सदरा माणूस वाटणारच. चष्मा आणि कानाचे यंत्र असेल तर ते घरी विसरू नका.

त्यानंतर शरीराची तपासणी आणि रक्त. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, मूत्रपिंड, सोडियम, शिवाय लघवी. थायरॉइड किंवा बी-१२ कमी पडल्यानेही माणूस मंद आणि विसराळू होतो आणि ते भरून काढता येते. डोक्याचे स्कॅन प्रत्येकाला लागतेच असे नाही, ते डॉक्टर ठरवतात. आजी किंवा बाबा अलीकडे पडले होते का, डोक्याला मार लागला होता का, हे मात्र न विचारता सांगा.

आणि एक प्रश्न असा, जो विचारला की घरचे दचकतात. "आजी, जगू नये असं वाटतं का? जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" डॉक्टरांनी असे विचारले म्हणून रागावू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनात दाबून ठेवलेले कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळे होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ साली अमलात आला, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे. त्याला शिक्षा करण्याऐवजी त्याची काळजी घेणे आणि उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे.

शाळा न पाहिलेल्या आजीची परीक्षा

आता जरा नाजूक मुद्दा. स्मरणशक्ती तपासण्यासाठी डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतात. आज वार कोणता, साल कोणते, हे ठिकाण कोणते, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, घड्याळाचे चित्र काढा. यातली सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिचे गुण तीस.

आता सांगा, ज्या आजीला शाळेच्या दारात उभे राहू दिले नाही, जिच्या हाती कधी पेन्सिल आली नाही, तिने वाक्य कसे लिहावे? घड्याळ कसे काढावे? तिचे गुण कमी पडणार. मग तिला स्मृतिभ्रंश झाला असे म्हणायचे का? हा तर दुहेरी अन्याय झाला. आधी शिक्षण नाकारायचे आणि मग शिक्षण नाही म्हणून तिला रोगी ठरवायचे.

माझ्या पाहण्यात अशीच एक भाजीवाली आजी आहे. एका दवाखान्यात तिला शंभरातून सात वजा करायला सांगितले. ती गप्प. कागदावर शून्य गुण पडले. बाहेर आल्यावर मी सहज विचारले, "आजी, पस्तीस रुपयांची भाजी घेतली आणि गिऱ्हाइकानं पन्नासची नोट दिली, तर?" आजी फटकन म्हणाली, "पंधरा परत. आन् कोथिंबीर फुकाट मागंल, ती द्यायची नाय!" हिला कोण भ्रमिष्ट म्हणेल?

सुदैवाने हा अन्याय शास्त्रज्ञांच्याही लक्षात आला. हरियाणातील बल्लभगड भागात बहुतेक निरक्षर असलेल्या खेड्यांतील वृद्धांसाठी हिंदी प्रश्नावली तयार करण्यात आली आणि ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत लिहिण्याऐवजी 'आपल्या घराविषयी काही सांगा' असे विचारले जाते. जगभरच्या संशोधकांचा एक गट पुढे आला, त्याने आपले नावच '१०/६६' ठेवले. कारण स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के, म्हणजे दोन तृतीयांश, रोगी गरीब देशांत आणि त्यांच्यावर होणारे संशोधन मात्र दहा टक्क्यांहूनही कमी! या गटाने शिक्षणाचा फरक धरून निदान कसे करावे याचा अभ्यास केला. आपल्या शेजारच्या गोव्यातही त्यांचे काम झाले.

म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट सांगा, "डॉक्टरसाहेब, आई शाळेत गेलेली नाही. ती भाजी विकायची, हिशेब तोंडी करायची." आई घरी अहिराणी बोलत असेल तर तेही सांगा. हे सांगणे म्हणजे उर्मटपणा नव्हे. डॉक्टरांना खरे निदान करायला ती मदतच आहे.

तथागतांनी विचारलेले प्रश्न

विनयपिटकातली एक कथा आपण विहारात ऐकतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. त्यांनी उपदेश सुरू केला नाही. आधी विचारले की तुला काय होते आहे, तुझी शुश्रूषा करणारे कोणी आहे का, आणि इतर भिक्खू तुझ्याकडे का पाहत नाहीत. त्या भिक्खूने दिलेले उत्तर काळजाला घरे पाडणारे आहे. आपण त्यांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून ते आपल्याकडे पाहत नाहीत, असे तो म्हणाला. मग भगवंतांनी पाणी आणवले, स्वतः आनंदासह त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

बंधू-भगिनींनो, नीट पाहा. काय होते आहे? कोण सांभाळते? का सांभाळत नाहीत? आजचा चांगला मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत हेच शोधतो. आणि प्रश्न विचारले कोणाला? आधी आजाऱ्यालाच.

आमच्या ओपीडीत काय चालते? आजी खुर्चीवर बसलेली असते. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आणि पाठीमागून मुलगा सांगतो, सून सांगते, जावई सांगतो. आजी या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत राहते. बाबासाहेबांनी १९२० साली पत्र काढले तेव्हा त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले, कारण ज्यांना बोलू दिले जात नाही त्यांचा आवाज व्हायचा होता. त्यांच्याच अनुयायांच्या घरातली म्हातारी मात्र मुकी होऊन बसते! तिला बोलू द्या. वेळ लागेल, ती आडवळणाने जाईल, नवऱ्याच्या मरणापासून सुरुवात करील. जाऊ द्या. डॉक्टरांनी थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोलायचे म्हटले तर आनंदाने बाहेर थांबा. सुनेसमोर, मुलासमोर न सांगता येणारे काही तिच्याजवळ असू शकते. कदाचित मारहाणीचे, उपासमारीचे, पेन्शन काढून घेतल्याचेही असेल. तिचे झाले की मग तुमचे सांगा, तेही तितकेच जरुरीचे आहे.

प्रश्न-उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवण्याचे महत्त्वही मोठे आहे. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची एक बाई आणली गेली. वय अवघे एकावन्न, नवरा रेल्वेत कारकून. डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी तिला नाव विचारले, तिने सांगितले ऑगुस्ट. आडनाव विचारले, तरी ऑगुस्ट. नवऱ्याचे नाव विचारले, तरी ऑगुस्ट. डॉक्टरांनी 'वेडी' असा शिक्का मारून मोकळे न होता तिचे शब्द जसेच्या तसे टिपले. १९०६ साली ती वारली तेव्हा तिचा मेंदू तपासून त्यांनी नव्या आजाराचे वर्णन जगापुढे मांडले. आज त्या आजाराला त्यांचेच नाव आहे. ती फाइल १९९५ साली पुन्हा सापडली. एका रेल्वे कारकुनाच्या बायकोचे शब्द कोणीतरी लक्ष देऊन ऐकले, त्यातून जगाला एक आजार कळला.

अंगठा आणि दाखला

आता न बोलले जाणारे बोलतो. काही घरांतून म्हाताऱ्याला दवाखान्यात नेण्यामागे उपचाराचा हेतू नसतो. खोली नावावर करायची असते, फंडाचे पैसे काढायचे असतात. 'वेडाचा दाखला द्या' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणारी मुले मी पाहिली आहेत.

अशांनी कायदा नीट वाचावा. २०१७ च्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे माणसाची सामाजिक, आर्थिक किंवा राजकीय स्थिती, त्याचा धर्म किंवा समाज यांवरून त्याला मानसिक रोगी ठरवता येत नाही. आपल्या समाजाने हे वाक्य पाठ करून ठेवावे. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणसाची बुद्धी ठिकाणावर नाही असा अर्थ होत नाही, ते ठरवायला सक्षम न्यायालय लागते. म्हणजे औषधाची चिठ्ठी हातात आली म्हणून आईचा अंगठा तुमच्या मालकीचा होत नाही!

कलम ४ सांगते की आजारी माणूसही स्वतःच्या उपचाराविषयी निर्णय घेऊ शकतो असेच धरून चालावे. त्याला सोप्या भाषेत, खुणांनी, चित्रांनी समजावून सांगावे. उपचारात आपल्या वतीने कोणी बोलावे हे तो आधीच ठरवू शकतो. साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने. वकील लागत नाही, स्टँप लागत नाही. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असतानाच हे करून ठेवले तर पुढची भांडणे टळतात.

आणि जी मुले आईबापांना सांभाळत नाहीत त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहे. उपविभागीय पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे आईबाप निर्वाहखर्च मागू शकतात. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून घेतले आणि सांभाळले नाही, तर ते लिहून दिलेले रद्दही होऊ शकते.

सुनेलाही विचारा

या सगळ्यात एका माणसाकडे कोणीच पाहत नाही. रात्री तीनदा उठून सासूबाईंना परत अंथरुणावर आणणारी, ओले कपडे बदलणारी, "हिनं माझे पैसे चोरले" हा आरोप रोज ऐकून घेणारी आणि सकाळी सातला पुन्हा कामावर जाणारी सून! चोरीचा आरोप हा त्या आजाराचाच भाग असतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ती रडते, आजी ओरडते आणि नवरा दोघींवर ओरडतो.

गोव्यात २००१ च्या सुमारास एक अभ्यास झाला. लोकांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे ओळखता येत होती, पण त्याला ते आजार मानत नव्हते. मुलांनी दुर्लक्ष केले, प्रेम दिले नाही म्हणून असे होते, असा समज होता. असा समज असला की सांभाळणारीच गुन्हेगार ठरते आणि लाजेपोटी घर दार लावून घेते. पुढे गोव्यातच स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन ८१ कुटुंबांबरोबर प्रयोग झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे घरी जाऊन आजार समजावून सांगत, कसे वागावे ते दाखवत, सांभाळणाऱ्याचे ऐकून घेत. त्याने सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार कमी झाल्याचे दिसून आले. मोठी यंत्रे लागली नाहीत. शिकवलेली, समजूतदार माणसे लागली.

म्हणून पहिल्या भेटीत सुनेनेही सांगावे, "मला झोप मिळत नाही, माझीही सहनशक्ती संपली." त्यात लाज कसली? भावांनी, नणंदांनी आठवड्यातला एकेक दिवस वाटून घ्यावा. 'आईची सेवा केली पाहिजे' असे भाषण करणाऱ्या प्रत्येक लेकाने आधी एक रात्र आईजवळ जागून काढावी.

आपण काय करावे?

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभाग आहे. नाशिक रोडहून द्वारका, सीबीएस ओलांडून जायचे म्हणजे म्हाताऱ्या माणसाची दमछाक होते, हे खरे. रक्त, लघवी, साखर यांसारख्या साध्या तपासण्या आधी जवळच्या बिटको रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे करून घेता येतील का ते विचारावे. केंद्र सरकारचा टेलि-मानस हा मोफत फोन २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्री, मराठीतही बोलता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा वेगळा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावेत.

आणि विहाराने आणखी थोडे करावे, अशी सूचना आहे. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर महिला मंडळाच्या दोघी-तिघींनी वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी वाचावी. या महिन्यात कोण आले नाही? का आले नाही? आजींनी नेहमीची जागा का सोडली? शिकलेल्या मुलांपैकी एकेकाने एकेका म्हाताऱ्याबरोबर दवाखान्यात जाण्याचे अंगावर घ्यावे. केसपेपर काढायला, रांगेत थांबायला, डॉक्टरांचे बोलणे वहीत टिपायला आणि घरी येऊन आजीला तिच्या भाषेत समजावून सांगायला. यासाठी वर्गणी लागत नाही, ठराव लागत नाही.

ज्या पिढीने आपल्याला बोलायला शिकवले तिला तिच्या म्हातारपणी बोलू देणे, एवढे तर आपण करूच शकतो. या पौर्णिमेपासूनच सुरुवात करा.

जयभीम! नमो बुद्धाय!